बाळंतिणीची सुई आणि 'सी' कावीळ



पावसाळ्यात आपण पाण्यातून होणाऱ्या काविळीवर बोललो होतो. त्यानंतर गटाच्या बैठकांमधून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला. रिपोर्टवर 'हिपॅटायटिस सी' असं लिहून आलं की घरात त्या बाईचं ताट-वाटी वेगळं का करतात? काही घरांत तिची गोधडीही वेगळी होते. सासू नातवाला तिच्याजवळ जाऊ देत नाही. नवरा विचारतो, "हा रोग तू आणलास कुठून?"

उत्तर दोन वाक्यांत देता येईल. ताटातून, गोधडीतून, नातवाच्या मुक्यातून हा रोग जात नाही. तो रक्तातून रक्तात जातो. पण "आणलास कुठून" या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबचं आहे, आणि त्यासाठी आज आम्ही तुम्हाला आपल्या गावाच्या बऱ्याच बाहेर नेणार आहोत. आयर्लंडमध्ये आणि इजिप्तमध्ये. दोन्हीकडे माणसांना उपचार म्हणून सुई दिली गेली, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या अंगात त्याच सुईबरोबर हा आजार गेला.

आधी नावाचा घोळ सोडवून घेऊ. आपण डोळे पिवळे झाले की सरसकट कावीळ म्हणतो, माळ घालून घेतो, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन 'उतरवून' येतो. पण यकृताला सूज आणणारे विषाणू वेगवेगळे आहेत. ए आणि ई हे दूषित पाण्यातून, अन्नातून येतात आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत माणूस आपोआप बरा होतो. माळेला जे श्रेय मिळतं ते यातलंच. बी आणि सी रक्तातून येतात. त्यातला सी हा सगळ्यात गुपचूप. बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. शंभर जणांना लागण झाली तर साधारण तीस जणांच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत आपला आपण जातो. उरलेल्यांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो, वीस-वीस वर्षं. बाई शेतात जाते, स्वयंपाक करते, थकते, आणि थकवा तर सगळ्यांनाच असतो. मग कधीतरी पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, आणि तपासणीत कळतं की यकृत आक्रसून गेलंय.

हा विषाणू सापडायलाच फार वेळ लागला. बी ओळखला गेला १९६० च्या दशकात, ए सापडला १९७३ मध्ये. तरीही अमेरिकेत दवाखान्यात रक्त चढवलेल्या लोकांना कावीळ होतच होती, आणि ती ए नव्हती, बीही नव्हती. हार्वी ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हे दाखवून दिलं. नाव काय द्यावं? त्यांनी दिलं 'ए नाही, बी नाही'! पुढची चौदा वर्षं या आजाराला हेच नाव होतं. १९८९ मध्ये मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि त्यांच्या सोबत्यांनी विषाणू ओळखला, त्याला 'सी' हे अक्षर मिळालं आणि मग रक्ताची तपासणीही आली. २०२० चं नोबेल ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना मिळालं. यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. २०१३ मध्ये कॅनडाचा एक मोठा पुरस्कार हॉटन यांनी नाकारला होता, कारण त्यात चू आणि कुओ यांना वगळलं होतं. काम सगळ्यांचं आणि हार एकाच्या गळ्यात, हे काय असतं ते आपल्याला नव्याने सांगायला नको.

तर आता आयर्लंड. इंग्लंडच्या शेजारचा छोटा, हिरवागार देश.

तुमच्यापैकी ज्यांचा रक्तगट निगेटिव्ह आहे त्यांना बाळंतपणात 'अँटी-डी' नावाचं इंजेक्शन दिलेलं आठवत असेल. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि आईचं शरीर त्या रक्ताविरुद्ध लढायला तयार होतं. पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही, पण पुढच्या बाळाच्या रक्तावर आईचंच शरीर हल्ला करतं. पूर्वी अशा कितीतरी आयांची दुसरी, तिसरी मुलं पोटात नाहीतर पाळण्यात जायची, आणि लोक म्हणायचे, हिच्या कुशीलाच दोष आहे. अँटी-डी ने हे थांबवलं. म्हणजे हे इंजेक्शन वाईट नाही, उलट बायकांसाठी लागलेल्या फार मोठ्या शोधांपैकी एक आहे. आयर्लंडमध्ये ते १९७० पासून मिळू लागलं आणि तिथली सरकारी रक्तसंक्रमण सेवाच ते बनवायची.

ते बनतं कशापासून? ज्या माणसांच्या रक्तात हे लढणारं द्रव्य आधीच तयार झालेलं असतं, त्यांच्या रक्तातल्या पातळ द्रवापासून, प्लाझ्मापासून. १९७६ मध्ये एका गरोदर बाईवर याच रक्तगटाच्या त्रासासाठी उपचार चालू होते. तिच्या अंगातून प्लाझ्मा काढून दुसरा भरला जात होता. काढलेला प्लाझ्मा रक्तसंक्रमण सेवेने इंजेक्शन बनवायला घेतला. तिला विचारलं नाही. तिचं नाव आजही गुप्त आहे, सरकारी कागदात ती फक्त 'पेशंट एक्स' आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिला कावीळ झाली, हिपॅटायटिस झाल्याचं कळवलंही गेलं. तरी तिचा प्लाझ्मा वापरला गेला.

कोणी म्हणेल, तेव्हा सी चा शोध कुठे लागला होता? बरोबर आहे, नव्हता लागला. पण कावीळ झालेल्या माणसाचं रक्त दुसऱ्याला द्यायचं नाही हा नियम तेव्हाही होता, त्या सेवेचा स्वतःचाच होता. तो पाळण्यासाठी विषाणूचं नाव माहीत असायची गरज नव्हती. १९७७ आणि ७८ मध्ये त्या प्लाझ्मापासून बनलेली इंजेक्शनं देशभरातल्या बाळंतिणींना दिली गेली. नुकत्याच सुटलेल्या, कुशीत बाळ घेतलेल्या बायका. सुई त्यांच्या पुढच्या बाळासाठी होती.

मग सतरा वर्षं कोणाला काही कळलं नाही. खरं सांगायचं तर 'कोणाला' हा शब्द चुकीचा आहे. डिसेंबर १९९१ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेने त्या सेवेला कळवलं होतं की जुन्या साठवलेल्या प्लाझ्मात हिपॅटायटिस सी सापडला आहे. ती माहिती बायकांपर्यंत गेली नाही. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये प्रत्येक रक्तदात्याची सी साठी तपासणी सुरू झाली, आणि कॉर्क शहरात एक विचित्र गोष्ट दिसू लागली. ज्यांच्या रक्तात हा आजार सापडत होता त्यांत निगेटिव्ह रक्तगटाच्या बायका फार होत्या, आणि त्यांनी १९७७ च्या आसपास अँटी-डी घेतलेलं होतं. धागा जुळला. २१ फेब्रुवारी १९९४ ला ही गोष्ट जाहीर झाली आणि अँटी-डी घेतलेल्या सगळ्या बायकांना तपासणीला बोलावलं.

पहिल्या फेरीत तपासल्या गेलेल्या बायका होत्या ६२,६६७. त्यांतल्या ७०४ जणींच्या रक्तात लागणीच्या खुणा सापडल्या. पुढे हा आकडा आणखी वाढला. त्यातल्या साधारण निम्म्या जणींच्या शरीरातून विषाणू आधीच गेला होता, निम्म्यांच्या यकृतात तो होता. डॉक्टरांनी १९९९ मध्ये या बायकांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातली एक नोंद आम्ही मुद्दाम सांगतो. तपासलेल्या दर तीन बायकांपैकी दोघींना थकवा होता. सतरा वर्षं थकवा. घरात चार मुलं असलेल्या बाईला थकवा आला तर त्याचं कारण शोधायला कोण जातं? आपल्याकडे रक्त वाढायच्या गोळ्या देतात नाहीतर "मनावर घेऊ नका" सांगतात. त्याच अभ्यासात एक दिलाशाची गोष्टही निघाली. सतरा वर्षांनंतरही यकृत पूर्ण खराब झालेल्या बायका शंभरात दोनच होत्या. आजार हळू चालतो, त्यामुळे शोधायला वेळ मिळतो, फक्त कोणीतरी शोधायला हवं.

यापुढचा भाग आम्हाला गटाचं काम करणाऱ्या बायका म्हणून जास्त जवळचा वाटतो. १९९४ मध्येच या बायकांनी एकमेकींना शोधून 'पॉझिटिव्ह ॲक्शन' नावाची संघटना उभी केली. पहिल्या बैठकांना येणाऱ्या बायकांना वाटत होतं की आपण एकट्याच आहोत. शेजारीण काय म्हणेल, मुलांना सांगायचं का, नवऱ्याची तपासणी करायची का, हे प्रश्न त्यांच्याही पुढे होते. मागण्या त्यांनी मोजक्या ठेवल्या: आयुष्यभर मोफत उपचार, नुकसानभरपाई, आणि हे झालं कसं याचं खरं उत्तर. पहिल्या दोन मिळाल्या. १९९६ मध्ये कायदा झाला आणि त्यांना उपचाराचं खास कार्ड मिळालं, भरपाईसाठी न्यायाधिकरण आलं. तिसरी मागणी अवघड होती.

तिच्यासाठी डोनेगल भागातली ब्रिजिड मॅकोल नावाची बाई कोर्टात उभी राहिली. बारा मुलांची आई. तिचं यकृत तोपर्यंत फार बिघडलं होतं. तिने दुसऱ्या नावाने खटला चालवू द्या अशी विनंती केली होती, म्हणजे गावात बोभाटा नको. कोर्टाने ती मान्य केली नाही, आणि ती स्वतःच्या नावाने लढली. रक्तसंक्रमण सेवेने चूक कबूल केली ती अगदी शेवटी. खटला उभा राहायच्या आत तडजोड झाली आणि ऑक्टोबर १९९६ च्या सुरुवातीला ती वारली. तिच्या घरच्यांनी मग उघड पत्र लिहून सरकारला प्रश्न विचारले. त्यानंतर माजी सरन्यायाधीश थॉमस फिनले यांच्या हाताखाली चौकशी बसली, आणि १९९७ च्या अहवालात पेशंट एक्सची कावीळ, वापरलेला प्लाझ्मा आणि दाबून राहिलेलं लंडनचं पत्र हे सगळं कागदावर आलं. पूर्व जर्मनीत १९७८-७९ मध्ये अशाच अँटी-डी मुळे हजारो बायकांना लागण झाली होती. तिथे तर वर्षानुवर्षं त्यावर बोलायचीच सोय नव्हती.

हे ऐकून कोणी अँटी-डी ला नाही म्हणू नका. आज त्यासाठी घेतलेल्या प्लाझ्माची तपासणी होते आणि विषाणू मारण्याची प्रक्रियाही होते. निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईने हे इंजेक्शन टाळलं तर धोका पुढच्या बाळाला आहे आणि तो खराखुरा आहे.

आता इजिप्त. तिथे पेशंट एक्ससारखी एकच कुणी व्यक्ती नाही, सगळा देशच आहे.

नाईल नदीच्या कालव्यांत गोगलगाई असतात आणि त्यांच्यातून एक बारीक जंत पाण्यात उतरतो. कालव्यात उभं राहून काम करणाऱ्या शेतकऱ्याच्या कातडीतून तो आत शिरतो आणि लघवीतून रक्त जाऊ लागतं. या रोगाला बिल्हार्झिया म्हणतात. तो इतका जुना आहे की तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडात त्याची अंडी सापडली आहेत. सरकारने १९५० च्या दशकापासून गावोगावी मोहीम काढली. औषध होतं टार्टर एमेटिक, ते शिरेतून द्यावं लागायचं, आणि एकदा नाही, काही आठवड्यांत बारा ते सोळा वेळा. काचेच्या सिरिंज, मोजक्या सुया, समोर रांग. एकाला दिली, पाण्यात बुडवली किंवा घाईत उकळली, दुसऱ्याला दिली. १९६४ ते १९८२ या काळात वर्षाला वीस लाखांहून अधिक इंजेक्शनं दिली गेली. १९८० च्या दशकात बिल्हार्झियावर गोळी आली आणि सुयांची रांग थांबली. पण तोवर एकाच्या रक्तातला सी शेकडोंच्या रक्तात गेला होता. २००८ च्या पाहणीत इजिप्तच्या १५ ते ५९ वयातल्या शंभर माणसांमागे जवळजवळ पंधरांच्या रक्तात लागणीची खूण होती. जगात इतकं प्रमाण कुठेही नव्हतं.

यात कोणी खलनायक नव्हता. काम करणाऱ्या परिचारिका, कंपाउंडर प्रामाणिक होते, रोग खरा होता, औषधही लागू पडत होतं. सुई मात्र तीच होती. आम्हाला ही गोष्ट आयर्लंडच्या गोष्टीपेक्षा जास्त भीतीदायक वाटते, कारण आपल्या गावात हेच घडू शकतं. ताप आला की "सुई मारा" असा आग्रह आपणच धरतो. गोळी दिली तर डॉक्टर कच्चा. आठवडी बाजारात खोली घेऊन बसलेला, पदवीचा पत्ता नसलेला माणूस सलाईन लावतो, आणि सलाईनला गर्दी जास्त असते. नवी सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढली का, हे विचारायला लाज वाटते. जत्रेत गोंदवून घेताना, कान-नाक टोचताना, एकाच वस्तऱ्याने दाढी करतानाही रक्त रक्ताला लागतं.

इजिप्तने पुढे जे केलं तेही मोठं आहे. २०१३ च्या शेवटी अमेरिकेत सोफोसबुविर नावाची गोळी आली. त्याआधीच्या उपचारात महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागत आणि तरी कितीतरी जण बरे होत नसत. या गोळीने बारा आठवड्यांत विषाणू जाऊ लागला. किंमत होती ८४,००० डॉलर. एका गोळीला हजार डॉलर! इजिप्त सरकारने घासाघीस करून तोच पूर्ण कोर्स ९०० डॉलरला मिळवला, नंतर स्वतःच्या देशात गोळी बनवून किंमत आणखी खाली आणली. २०१४ मध्ये भारतातल्या सात कंपन्यांनाही ही गोळी बनवायचा परवाना मिळाला, त्यात मुंबईची सिप्ला होती. म्हणून आज हे औषध आपल्याकडे आवाक्यात आहे.

औषध हाती आल्यावर इजिप्तने ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत जवळपास पाच कोटी प्रौढांची बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासणी केली. निकाल वीस मिनिटांत. ज्यांना आजार निघाला त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या फुकट. ज्यांचा शेवटचा निकाल हाती आला त्यांतले शंभरातले अठ्ठ्याण्णवहून जास्त बरे झाले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इजिप्तला हिपॅटायटिस सी च्या निर्मूलनाच्या वाटेवरचा 'सुवर्ण' दर्जा दिला, आणि तो मिळवणारा तो पहिला देश ठरला.

आपल्याकडे रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची सी साठी तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. त्यामुळे ज्यांना त्याआधी रक्त चढवलं, बाळंतपणात असो वा ऑपरेशनमध्ये, त्यांनी एकदा तपासून घ्यावं. पंजाबात हा आजार फार होता, तिथल्या सरकारने २०१६ मध्ये मोफत उपचार सुरू केले. देशपातळीवरचा कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. तारीख मुद्दाम निवडलेली होती: हिपॅटायटिस बी चा शोध लावणाऱ्या बारूख ब्लूमबर्ग यांचा तो जन्मदिवस आणि म्हणून जागतिक हिपॅटायटिस दिन. या कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत. तुमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, आशाताईंना सांगा, त्या कुठे जायचं ते सांगतील.

डायलिसिसवर असलेले, थॅलेसेमियाची मुलं, कधी नशेची इंजेक्शनं घेतलेली माणसं, एकाच सुईने गोंदवून घेतलेल्या बाया, आणि लागण असलेल्या आईची मुलं, यांनीही तपासून घ्यायचं. आईकडून बाळाला जायचा धोका शंभरात पाच-सहा इतकाच. अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त स्तनाग्र चिरून रक्त येत असेल तर तेवढ्यापुरतं थांबायचं. पतीपत्नीच्या संबंधातून तो क्वचितच जातो. ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर मात्र प्रत्येकाचं वेगळं असावं. ताट-वाटी वेगळी करायचं काही कारण नाही.

रिपोर्टबद्दल एक गोष्ट नीट ऐका, कारण इथेच घरं मोडतात. पहिली तपासणी अँटीबॉडीची असते. ती पॉझिटिव्ह आली याचा अर्थ विषाणू कधीतरी अंगात येऊन गेला. तो आता आहे की नाही हे दुसऱ्या तपासणीत, 'आरएनए' तपासणीत कळतं. आयर्लंडच्या त्या ७०४ जणींपैकी जवळजवळ निम्म्या जणींची पहिली तपासणी पॉझिटिव्ह होती आणि दुसरी निगेटिव्ह. पहिल्याच कागदावर घाबरून सुनेला माहेरी पाठवू नका. दुसरी पॉझिटिव्ह आली तर बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या, यकृत जास्त बिघडलं असेल तर थोडं जास्त. लस अजून निघालेली नाही, त्यामुळे एकदा बरं झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते. अँटीबॉडी मात्र बरं झाल्यावरही रक्तात राहते. पुढे कुठल्याही शस्त्रक्रियेआधी किंवा बाळंतपणात पहिली तपासणी परत पॉझिटिव्ह येणार, तेव्हा जुना आरएनए रिपोर्ट दाखवावा लागेल. गोळ्या संपल्यानंतर बारा आठवड्यांनी आणखी एकदा आरएनए तपासणी होते आणि ती निगेटिव्ह आली म्हणजे बरं झालं असं धरतात. तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत, नीट प्लास्टिकमध्ये घालून ठेवा.